प्रशिक्षणाच्या नफ्याची वाटणी

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात खळबळ उडाली. ही कपात प्रामुख्याने मधल्या व वरिष्ठ फळीतील होती. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही माणसे नकोशी झालेली नाहीत, ज्यांना दुसऱ्या कामावर नेमणे शक्य नाही त्यांनाच निरोप दिला जात आहे, असा खुलासा कंपनीने केला. महाविद्यालयातून आलेल्या हजारो तरुणांना काही महिन्यांत प्रकल्पावर बसण्याजोगे तयार करणे, ही या उद्योगाची अनेक वर्षांची ख्याती. त्याच उद्योगात अनुभवी माणसाला नव्या कामासाठी तयार करता आले नाही, याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्या खुलाशातून मागे उरला.

कर्मचाऱ्याला शिकवले की त्याचाही लाभ होतो आणि संस्थेचाही, हे वाक्य मनुष्यबळ विभागाच्या बहुतेक सादरीकरणांत आढळते. ते खोटे नाही. मात्र लाभ किती होतो आणि तो कोणाच्या पदरात किती पडतो, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रशिक्षण हा खर्च कसा मोजायचा, हेच अनेक कंपन्यांना ठाऊक नसते. किती जण वर्गात बसले आणि किती तास बसले, एवढीच नोंद वर्षअखेरीस उरते. नेमका हिशेब मांडला गेल्याचे एक ठळक उदाहरण भारतातच आहे, आणि ते वातानुकूलित कार्यालयातले नसून बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतले आहे.

शाही एक्स्पोर्ट्स या देशातील मोठ्या निर्यातदार कंपनीच्या बंगळुरूमधील कारखान्यांत शिलाई करणाऱ्या स्त्रियांसाठी ‘पेस’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. अमेरिकेतील ‘गॅप’ या कपडे कंपनीने तो २००७ पासून आपल्या पुरवठादारांकडे सुरू केला होता. सुमारे ८० तासांच्या या शिक्षणात मशीन चालवण्याचे धडे नव्हते. वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी बोलावे कसे, वेळेचे नियोजन कसे करावे, अडचण आली तर ती कोणापुढे व कशी मांडावी, घरखर्च व बचतीचा मेळ कसा घालावा, असे विषय होते. इच्छुक स्त्रियांची संख्या जागांपेक्षा अधिक असल्याने सोडत काढण्यात आली. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी सोडतीत निवडल्या गेलेल्या व न गेलेल्या स्त्रियांच्या कामाची तुलना केली. २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष कोणत्याही कारखानदाराला हुरूप देणारा आहे. प्रशिक्षित स्त्रियांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे साडेतेरा टक्क्यांनी अधिक भरली. त्यांच्याकडे अधिक किचकट शिलाई सोपवली जाऊ लागली. वर्गात न बसलेल्या, पण त्यांच्याच लाइनवर काम करणाऱ्या स्त्रियांचेही काम सुधारले. शिलाईच्या लाइनवर एकीचा तुकडा अडला की पुढच्या सगळ्या खोळंबतात, हे लक्षात घेतले म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही. कार्यक्रमाचा सारा खर्च, त्यासाठी बुडालेले कामाचे तास धरूनही, वजा केल्यावर कार्यक्रम संपल्यापासून आठ महिन्यांत कंपनीला मिळालेला निव्वळ परतावा अडीचशे टक्क्यांच्या आसपास होता. बँकेतील मुदतठेवीवर सात टक्के मिळाले तरी समाधान मानणाऱ्या वाचकाला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आणि या स्त्रियांची मजुरी? ती वाढली सुमारे अर्ध्या टक्क्याने.

साडेतेरा टक्के आणि अर्धा टक्का यांमधील हे अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. स्त्रियांना काहीच मिळाले नाही असे नाही. मुलांच्या शिक्षणासाठी बचत करण्याचे आणि सरकारी योजनांचा लाभ घेण्याचे प्रमाण त्यांच्यात वाढले. आपले म्हणणे धीटपणे मांडता येणे ही गोष्ट कारखान्याच्या फाटकाबाहेरही उपयोगी पडते. तरीही वेतनपत्रकावर जे उमटायला हवे होते ते उमटले नाही. तयार कपड्यांच्या उद्योगात मजुरी बहुतांशी किमान वेतनाच्या आसपासच ठरते; व्यक्तीच्या कौशल्यानुसार ती बदलण्याची यंत्रणा जवळजवळ नाही. शिवाय बोलण्यातले चातुर्य किंवा कामाचे नियोजन हे असे कौशल्य आहे की ते शेजारच्या कारखान्याच्या मालकाला भरतीच्या वेळी दिसत नाही. प्रमाणपत्राचा कागद दाखवून तेथे जादा पगार मिळत नाही. जो मालक जाणतो त्याला द्यावा लागत नाही, आणि जो देऊ शकतो त्याला ते कळत नाही.

प्रशिक्षणावर खर्च न करण्याचे मालकांचे नेहमीचे कारण येथे तपासून पाहण्यासारखे आहे. ‘आम्ही शिकवायचे आणि माणूस उद्या दुसरीकडे जायचा,’ ही तक्रार लघुउद्योजकांच्या कोणत्याही बैठकीत ऐकू येते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मधील आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात याच भीतीची मीमांसा केली होती. जे कौशल्य सर्वत्र चालते त्याचा खर्च मालक सहसा उचलणार नाही, कारण माणूस गेला की गुंतवणूकही गेली; जे केवळ त्या संस्थेतच उपयोगी पडते त्याचा खर्च तो आनंदाने उचलेल, अशी ती मांडणी. बंगळुरूचा अनुभव या मांडणीत सरळ बसत नाही. कौशल्य सर्वत्र चालणारे होते, खर्च मालकाने केला, आणि तरी प्रशिक्षित स्त्रिया इतरांपेक्षा अधिक संख्येने नोकरी सोडून गेल्या नाहीत. मालकाच्या दृष्टीने ही सुवार्ता. पण त्या थांबल्या त्यामागे निष्ठा किती आणि दुसरीकडे जादा पैसे मिळण्याची शक्यता नसणे किती, याचे उत्तर त्या अर्ध्या टक्क्यातच शोधावे लागते.

ही भीती अगदीच निराधार आहे, असेही नव्हे. त्याचा पुरावा मुंबईपासून जवळच, तारापूर आणि गुजरातेतील उंबरगाव परिसरातील कापड गिरण्यांत मिळाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून येथील १७ कापड कंपन्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही कारखान्यांना नामांकित सल्लागार संस्थेची सेवा काही महिने विनामूल्य देण्यात आली. मागांची देखभाल ठरलेल्या दिवशी करणे, सुताच्या साठ्याची नोंद ठेवणे, कापडातील दोष रोज लिहून त्यावर बैठक घेणे, अशा साध्या पद्धती व्यवस्थापकांना शिकवण्यात आल्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्यापूर्वी या पद्धती का नव्हत्या, याचे एक कारण असे निघाले, की आपल्या कारखान्यात काही उणे आहे हेच अनेक मालकांना वाटत नव्हते. आठ-नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तेथे गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे हे त्याचे एक मोठे कारण होते. शिकलेला माणूस गेला आणि त्याच्याबरोबर शिकवणूकही गेली.

यावर आपल्याकडे काढलेला तोडगा म्हणजे करारपत्र. अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरीन, असे लिहून घेण्याची पद्धत बँकांपासून माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपर्यंत सर्वत्र आहे. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षे सेवा आणि दोन लाख रुपये भरपाईची अशी अट वैध ठरवली. तेथे मुद्दा मुख्यतः सार्वजनिक बँकेच्या भरतीवरील खर्चाचा होता. पण त्या निकालाचा आधार खासगी कंपन्याही घेऊ पाहतील, हे उघड आहे. माणूस बांधून ठेवणे आणि त्याला थांबावेसे वाटणे यांत फरक आहे, हे मनुष्यबळ विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. पगार आणि पद शिकण्याशी जोडणे हा उपाय महागडा वाटतो, म्हणून तो मागे पडतो.

हे सारे झाले प्रशिक्षणाच्या वर्गापर्यंत पोहोचणाऱ्यांविषयी. न पोहोचणाऱ्यांची संख्या मोठी आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी कंत्राटी कामगारांचे प्रमाण आता चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. हे कामगार यंत्रावर कंपनीच्या कायम कामगाराच्या शेजारी उभे असतात, पण कागदोपत्री ते ठेकेदाराचे. त्यांना शिकवावे असे कंपनीला वाटत नाही, कारण ते तिचे नाहीत. ठेकेदाराला वाटत नाही, कारण त्याचा व्यवसाय माणसे पुरवण्याचा आहे. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकण-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांना विजेवरील वाहनांमुळे आपले काम बदलावे लागणार आहे. त्या बदलाची पहिली झळ याच वर्गाला बसणार, हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांच्या पुनःकौशल्य निधीची तरतूद आहे. कामगाराची कपात झाल्यास मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, असे तिचे स्वरूप. कल्पना स्वागतार्ह आहे, पण तिची वेळ चुकली आहे. नोकरी गेल्यावर हाती आलेले पंधरा दिवसांचे वेतन नवे काम शिकण्याऐवजी घरभाड्यात जाईल, अशीच शक्यता अधिक. त्यातही मुदतीचा करार संपून गेलेला माणूस संहितेच्या व्याख्येनुसार ‘कपात’ झालेला ठरत नाही, आणि व्यवस्थापकीय पदावरचा माणूस ‘कामगार’ ठरत नाही. म्हणजे चाकणचा मुदतबंद कामगार आणि हिंजवडीचा प्रकल्प व्यवस्थापक, दोघेही या निधीच्या बाहेरच राहतात.

सिंगापूरने याच्या उलट मार्ग धरला. तेथे मालकाला प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मासिक वेतनाच्या पाव टक्का रक्कम, ठरलेल्या कमाल व किमान मर्यादेत, कौशल्य विकास आकार म्हणून नोकरी चालू असतानाच भरावी लागते. २०१५ पासून पंचवीस वर्षांवरील नागरिकांना शिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलर, आणि २०२४ पासून चाळीशी ओलांडलेल्यांना आणखी ४,००० डॉलर देण्यात आले. एका शहराएवढ्या देशाचे गणित भारताला जसेच्या तसे लागू होणार नाही. तथापि भविष्यनिर्वाह निधीसाठी दरमहा वर्गणी गोळा करण्याची यंत्रणा येथेही कित्येक दशके चालू आहे, तेव्हा वसुली अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

त्याआधी करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र फारशी खर्चाची नाही. ‘सेबी’च्या नियमानुसार २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वतता अहवालात किती कर्मचाऱ्यांना व कामगारांना कौशल्यवाढीचे प्रशिक्षण दिले, याची आकडेवारी द्यावी लागते. हा तक्ता स्त्री-पुरुष असा विभागलेला आहे. कायम आणि कंत्राटी असा तो विभागलेला नाही. त्यात आणखी एक रकाना वाढवला, आणि शेजारी प्रशिक्षणानंतर वेतनात काय फरक पडला हे विचारले, तर बंगळुरूच्या कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे खपून काढावे लागलेले उत्तर भागधारकांना दरवर्षी वाचायला मिळेल.