पदवी गेली, सरदार उरला

पत्ते म्हटले की आमच्या पिढीला झब्बू, बदामसात आणि लग्नघरातील रात्रभर चालणारी रमी आठवते. आजच्या मुलांच्या हातांतील पत्त्यांवर मात्र इस्पिक नाही, किलवर नाही. त्यांवर राक्षस, चेटके, मत्स्यमानव आणि पंख फुटलेले वीर चितारलेले असतात. वडीलमंडळी हे पाहून कपाळाला आठ्या घालतात. आम्हांस मात्र वाटते की, मूल ज्यात रमते ते एकदा निरखून पाहावे. या खेळांतील एका निवृत्त सरदाराची हकीकत आम्हांला अशी काही विचारप्रवर्तक वाटली की, ती आपल्या वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

या कुळातील खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ निरनिराळे पत्ते होते. आपल्या पत्त्यांचा जोड सर्वांना सारखा असतो. येथे मात्र प्रत्येक खेळाडू पत्ते विकत घेतो, मित्रांशी अदलाबदल करतो आणि त्यांतून किमान साठ पत्त्यांचा स्वतःचा जोड बांधतो. प्रत्येकापाशी वीस प्राण. प्रतिस्पर्ध्याचे प्राण शून्यावर आणले की डाव बहुधा जिंकला.

लढणाऱ्या प्रत्येक पात्राच्या पत्त्यावर त्याची जात वा वर्ग छापलेला असतो. हा शब्द शोभेचा नव्हे. त्यावर खेळाचे नियम चालतात. आमचा नायक 'गॉब्लिन किंग' हा याच जगातला. गॉब्लिन म्हणजे पाश्चात्य लोककथांतील खुजी, उपद्व्यापी, टोळीने राहणारी जमात. हा त्यांचा राजा. तो डावात उतरला की प्रत्येक गॉब्लिनची मारण्याची आणि सोसण्याची शक्ती एकेकाने वाढे. शिवाय प्रतिपक्षाकडे डोंगराचा पत्ता असेल तर या टोळीला कोणी अडवू शकत नसे. मत्स्यमानवांसाठी 'लॉर्ड ऑफ अटलांटिस' असेच काम करी. पुढील आवृत्त्यांत अशा नायकांच्या पत्त्यांवर जो वर्ग छापला जाई तो 'लॉर्ड', म्हणजे आपल्या भाषेत सरदार.

गंमत येथेच आहे. गॉब्लिनांचा राजा 'लॉर्ड' होता, पण तो 'गॉब्लिन' नव्हता! त्यामुळे दोन राजे एकाच बाजूने उतरले तरी ते एकमेकांचे बळ वाढवू शकत नसत, कारण त्यांचे वरदान गॉब्लिनांपुरते. दुसरीकडे, १९९४ च्या 'द डार्क' या संचात 'टिव्हडार्स क्रूसेड' नावाचा एक पत्ता आला. तो खेळला की डावातील सारे गॉब्लिन नष्ट होत. सैनिक मेले, शेवटचे पोर मेले, आणि त्यांचा राजा मात्र रिकाम्या रणांगणावर सुखरूप उभा! नियमाने पाहता त्यात काही चूक नव्हती, तो त्यांच्यातला नव्हताच. पण ज्यांच्या जिवावर आपण राजे, त्यांच्या मरणात आपला वाटा नाही, असा राजा कोणाला आपला वाटेल?

२००७ साली या खेळातील सर्व पात्रांच्या वर्गांची मोठी फेरतपासणी झाली. पात्राचे कूळ कोणते आणि शक्य तेथे त्याचा व्यवसाय कोणता, हे नीट मांडण्याचा तिचा रोख होता. या तपासणीनंतर 'लॉर्ड' हा वर्ग खेळाच्या यादीत उरला नाही. सरदार निवृत्त झाला.

राजा मात्र गेला नाही. त्याच्या पत्त्यावर आता 'गॉब्लिन' एवढाच वर्ग आहे, आणि वरदानाच्या मजकुरात एक छोटासा शब्द आला आहे : 'इतर'. इतर गॉब्लिनांचे बळ वाढते, त्याचे स्वतःचे नाही. आता दोन राजे उतरले तर एक दुसऱ्याला बळ देतो. आणि टिव्हडारची मोहीम आली तर राजाही प्रजेबरोबर जातो. एक शब्द गेला, एक आला, आणि राजा आपल्या माणसांत आला. जुने पत्ते फेकून द्यावे लागले नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे. कागदावर 'लॉर्ड' छापलेले असले तरी खेळताना कंपनीच्या अधिकृत नोंदीतील आजचा मजकूरच प्रमाण. आणि जो आपल्या जमातीला बळ देतो, अशा कोणत्याही पात्राला खेळाडू आजही बोलताना 'लॉर्ड'च म्हणतात. यादीतून काढलेला शब्द तोंडातून जात नाही, तो असा.

आपली जुनी गंजिफा येथे आठवते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२० पाने. राजा आणि प्रधान त्या बारांतच मोजले जातात. राजा सर्वांत मोठा खरा, पण रंगाबाहेरचा नव्हे. अमेरिकन खेळाला जे चौदा वर्षांनी साधले ते आपल्या चिताऱ्यांच्या पानांत आधीपासून होते.

वाचकहो, ही कथा केवळ मुलांच्या खेळाची असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्यापैकी अनेकांची घराणी शिंदे, होळकर, गायकवाडांबरोबर आली. कोणी सरदार होऊन आले, कोणी कारकून होऊन; पण या मुलखात दोघेही राज्यकर्त्यांच्या पंक्तीला बसले. मग याद्या बदलल्या. १९४८ साली ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात सामील झाले, १९४९ साली बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. ग्वाल्हेरच्या महाराजांना मिळालेले राजप्रमुखपदही १९५६ साली संपले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. आपल्या घरांत मात्र चिटणीस, फडणीस, पोतनीस, दफ्तरदार, किल्लेदार अजून नांदत आहेत. किल्ला नाही, दफ्तर नाही. आडनाव तेवढे आहे. 'लॉर्ड' हा शब्द खेळाडूंच्या तोंडी उरला तसेच हे.

यात खंत करण्यासारखे काही नाही. आडनाव अभिमानाने लावावे. प्रश्न एवढाच की, आपण ज्या गावात पाच-सहा पिढ्या राहिलो त्या गावाच्या माणसांत आपली मोजणी होते की नाही? गल्लीत पाणी आले नाही तर नगरपालिकेत अर्ज घेऊन जाणाऱ्यांत आपण असतो, की खिडकीतून पाहतो? 'येथील लोक' असे म्हणताना त्यात आपण स्वतःला धरतो का? जो स्वतःला धरत नाही त्याच्यावर गावाचे संकट कदाचित येणार नाही, पण गावाचे बळही त्याला मिळणार नाही. जुन्या गॉब्लिन राजाचे नेमके हेच झाले होते.

आमच्या पदाचे नावही जरा भारदस्त आहे : मुख्याध्यापक. पण त्या शब्दात 'अध्यापक' आधी शिल्लक राहिला पाहिजे, 'मुख्य' नंतर. वर्गावर न जाणारा मुख्याध्यापक शिक्षकांत मोजला जात नाही, आणि मग त्याच्या सूचनांनी कोणाचे बळ वाढत नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, गणेशोत्सवाचे प्रमुख, घरातील कर्ते पुरुष यांनाही हाच हिशेब लागू आहे. सतरंजी उचलणाऱ्यांत जो दिसत नाही, त्याच्या भाषणाने सतरंजी उचलली जात नाही.

मोठेपण पदवीत नसून त्या 'इतर' या शब्दात आहे. आपल्या असण्याने इतरांचे बळ वाढावे आणि आपले बळ आपल्यासारख्याच दुसऱ्याने वाढवावे. पदव्या यादीतून येतात आणि यादीतून जातात. मुलांच्या हातातील पत्त्यांवर हे लिहिलेले आहे. ते वाचून दाखवायला त्यांना एकदा सांगून पाहा, आनंदाने सांगतील.