सव्वा मैलाचें पाणी

बेटावरील तुरुंग म्हटला कीं महाराष्ट्रीय मनास प्रथम अंदमानच आठवावें हें साहजिक आहे. तेथील शिक्षेचें मर्म दूरत्वांत होतें. मध्यें शेंकडों कोस समुद्र पसरला कीं माणूस जिवंत असूनहि आप्तांस पारखा होई. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत अल्कट्राझ नांवाचें बेट आहे. तेथील तुरुंगाचें मर्म नेमकें याच्या उलट, म्हणजे समीपतेंत होतें. शहराचा किनारा तेथून अवघा सव्वा मैल. संध्याकाळीं शहराचे दिवे दिसत, आणि वारा अनुकूल असला तर नववर्षाच्या रात्रीं किनाऱ्यावरील मेजवान्यांचा हास्यकल्लोळ कोठडींत ऐकूं येई, असें जुन्या कैद्यांनीं सांगून ठेविलें आहे.

मुलामुलींकडे कॅलिफोर्नियास जाणाऱ्या आपल्या मंडळींची वाट हल्लीं या बेटाकडे बहुधा वळतेच. म्हणून चार गोष्टी येथें सांगतों. बोट 33 क्रमांकाच्या धक्क्यावरून सुटते. तिकिटें आगाऊ काढावीं, आणि ऐन जुलै महिन्यांतहि लोकरीचे कपडे बरोबर घ्यावे. धुकें व बोचरा वारा तेथें उन्हाळ्यांतच अधिक. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत सुमारें 130 फुटांचा चढ आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीं तेथील गाडीची सोय आधींच विचारून ठेवावी.

वर गेल्यावर जो तो अल् कॅपोन या गुंडाची कोठडी विचारतो. 1934 पासून 1963 पर्यंत येथें मध्यवर्ती सरकारचा तुरुंग होता आणि त्या अवधींत 1,576 कैदी क्रमांक दिले गेले. कोठडी पांच फूट रुंद व नऊ फूट लांब. 1962 च्या जून महिन्यांत तिघे कैदी अंथरुणांत साबण, कागद व खरे केस यांचीं बनावट डोकीं ठेवून, रेनकोटांचा तराफा करून निसटले. त्यांचें पुढें काय झालें याचा छडा आजतागायत लागलेला नाहीं. पुढील वर्षीं तुरुंग बंद झाला तो मात्र मुख्यतः खर्चामुळें. पिण्याचें पाणीहि बोटीनें आणावें लागे. 1959 सालीं येथें दर कैद्यामागें रोज 10 डॉलरांहून अधिक खर्च येई. अटलांटाच्या तुरुंगांत तो 3 डॉलर होता.

परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती याहून जुनी गोष्ट. त्या काळीं येथें लष्करी बंदिशाळा होती. 1895 सालीं ॲरिझोनांतील होपी जमातीचे 19 पुरुष येथें कित्येक महिने डांबले गेले. त्यांचा अपराध काय? जमिनीची सरकारी वांटणी त्यांनीं मानली नाहीं, आणि आपलीं मुलें सरकारी वसतिगृहशाळेंत धाडण्याचें नाकारलें. विद्येस सर्वस्व मानणाऱ्या आमच्या घरांत मुलास शाळेंत न घालणारा बाप अडाणीच ठरतो. पण त्या शाळांत मुलाचे केस कापीत, नांव बदलीत, आणि तो मातृभाषा बोलला तर त्यास शिक्षा होई. नातवंडांच्या तोंडीं मराठी राहील कीं नाहीं ही चिंता वाहणाऱ्या आजीआजोबांस त्या बापांचें मन उमजण्यास वेळ लागूं नये.

या गोष्टीस पुढें एक उत्तरहि मिळालें. 20 नोव्हेंबर 1969 रोजीं निरनिराळ्या जमातींच्या मूळ रहिवाशांनीं ओसाड पडलेल्या बेटाचा ताबा घेतला. बेटाची किंमत म्हणून त्यांनीं 24 डॉलरांचे कांचमणी व तांबडें कापड देऊं केलें; मॅनहॅटन बेट गोऱ्यांनीं अशाच मोलानें घेतलें अशी जी आख्यायिका आहे, तिची ही परतफेड! 11 जून 1971 पर्यंत ते तेथें टिकले. पाण्याच्या टांकीवर त्यांनीं रंगविलेलीं तांबडीं अक्षरें, टांकीची डागडुजी झाली तेव्हां मुद्दाम पुन्हा काढण्यांत आलीं. बोटींतून उतरण्यापूर्वींच तीं दिसतात. मुलांस तीं अवश्य दाखवावीं.

परतल्यावर 39 क्रमांकाच्या धक्क्याकडे पायीं जातां येतें. तेथील तराफ्यांवर 1990 च्या आरंभीं समुद्रसिंहांनीं मोठ्या संख्येनें ठाण मांडलें. त्यांस न हुसकतां माणसांनीं आपल्याच नौका दुसरीकडे नेल्या! पलीकडे कोळ्यांचा जुना धक्का आहे. आंबवलेल्या पिठाचा पाव तेथील प्रसिद्ध. मात्र पोकळ पावांत जें सूप वाढतात त्यांत बहुधा शिंपल्यांतील मांस असतें, तेव्हां शाकाहारी मंडळींनीं विचारूनच मागवावें.

इतकें झाल्यावर घटकाभर कठड्याशीं बसावें आणि बेटाकडे पाहावें. आपल्या भोंवतीं चाललेला हाच गलबला एके काळीं त्या कोठड्यांत ऐकूं जात होता, एवढें ध्यानांत आलें तर तिकिटाचे पैसे फिटले असें खुशाल समजावें.