गिरण्या चालू असतानाच गेलेली मते

2024 च्या विधानसभेत 288 जागांपैकी माकपला एक जागा मिळाली, डहाणूची. शेकापलाही एकच, सांगोल्याची. कारण विचारले की डाव्या वर्तुळातून ठरलेले उत्तर येते: गिरण्या गेल्या, कामगार पांगला, मग मते येणार कुठून? उत्तर सोयीचे आहे, पण तारखांशी जुळत नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून जून 1970 मध्ये झाला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पडल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजतच होते, मोठ्या संपाला अजून बारा वर्षे अवकाश होता. पगारवाढीसाठी लाल बावट्याकडे जाणारे कितीतरी कामगार मतपेटीपाशी वेगळा विचार करू लागले होते.

1957 मध्ये असे झाले नव्हते. मराठी राज्याची मागणी आणि कष्टकऱ्याची मागणी एकाच मंचावरून होत होती. अमर शेख, अण्णा भाऊ साठे शाहिरीतून दोन्ही एका दमात मांडत, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कम्युनिस्ट नेते डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. 1 मे 1960 ला राज्य झाले. 1962 मध्ये डांगे हरले. अस्मितेचे काम आटोपले, आता निव्वळ वर्गाचे, असे डाव्यांनी धरले आणि मैदान मोकळे सोडले. 1966 मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने त्यात जो प्रश्न आणला तो मुळात आर्थिकच होता: मराठी तरुणाची नोकरी. फक्त तिने तो घराघरातल्या बोलीत मांडला आणि शत्रू म्हणून मालकाऐवजी शेजारी दाखवला.

जातीबाबतही हेच. गिरणीत धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याचा विटाळ नको म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. इथे पगार आणि विटाळ वेगळे कसे काढायचे? ‘आधी वर्ग, जात नंतर’ म्हणणाऱ्यांना त्या धोट्याने तेव्हाच उत्तर दिले होते. पुढे 1974 मध्ये, वरळीच्या दंगलीच्या दिवसांत, दलित पँथरने मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, भाकपच्या रोझा देशपांडे जिंकल्या. ही जागा पक्षाने कमावली त्याहून जास्त त्याच्या पदरात पडली, आणि पँथरच्या वस्त्यांशी कायमचे नाते जोडायची संधी तशीच गेली.

यावर आक्षेप येतो की अस्मितेच्या वाटेने गेले की डावेही दुसरी सेना होतील. भीती खोटी नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही गुजरातीद्वेषाच्या घोषणा झाल्याच. पण मैदान सोडल्याने द्वेष थांबला नाही, त्याला फक्त प्रतिस्पर्धी उरला नाही. दुसरा आक्षेप असा की लोकांना शेवटी पोटाचेच प्रश्न कळतात. मग मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आलेल्या, दहावीच्या मुलांना अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढणाऱ्या लाल टोप्यांना सारी मुंबई दाद देत असताना, पुढच्याच वर्षीच्या लोकसभेला दिंडोरीत त्याच आंदोलनाचे नेते जे. पी. गावित तिसऱ्या क्रमांकावर का राहिले? शिवाय पैशाचे वचन आता कुणीही देतो; ‘लाडकी बहीण’चे महिना 1,500 रुपये डाव्यांच्या जाहीरनाम्यातून आलेले नाहीत. थेट खात्यात पैसे टाकणाऱ्या सरकारशी नुसत्या आकड्यांत चढाओढ करून विरोधी पक्ष जिंकेल कसा?

आज मुंबईत पाठीवर पिशवी टाकून घरपोच जेवण पोचवणाऱ्यांत मराठी आणि उत्तर भारतीय दोन्ही पोरे आहेत. त्यांची संघटना बांधायला निघालेल्या डाव्या कार्यकर्त्याला दर फेरीमागच्या पैशांआधी भाषेच्या वादावर विचारले जाईल, आणि ‘तो आमचा विषय नाही’ हे उत्तर परळमध्ये एकदा देऊन झाले आहे.