टाकीतला गंज
पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभा असलेला जुना ट्रॅक्टर रब्बीच्या तोंडावर खोकायला लागला, की आपण डिझेल फिल्टर बदलतो. दुखणं मात्र टाकीत असतं. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा खातं. टाकी उतरवा, मूठभर नट टाकून खळखळून हलवा, उरलेला गंज फॉस्फोरिक आम्लाने काढा, धुवा आणि आतून सीलर देण्याआधी पूर्ण सुकवा. घाई इथेच नडते: ओलसर पत्र्यावर दिलेला सीलरचा लेप पापुद्रे सोडतो आणि नवा फिल्टरही तुंबवतो. भोक असेल तर थेट वेल्डिंगवाल्याकडे धावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ ठिणगीने भडकते. खरं तर शेतातलं काम संपल्यावर टाकी भरून ठेवणं, हाच सगळ्यात स्वस्त इलाज.