शेवटी कोण?

गेली दिवाळी आम्ही माकणीस काढली. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले हे आमचे मूळ गाव; निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथे आहे, व त्या धरणाचे नाव सांगितल्यावाचून परगावच्या माणसास गाव सहसा उमजत नाही. सोयाबीन घरात येऊन पडले होते, ज्वारीची पेरणी उरकली होती आणि पुण्यास नोकरीनिमित्त राहणारी आमची पुतणे-भाचे मंडळी चार दिवसांच्या रजेवर आली होती. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बैठक जमली, आणि विषय निघाला तो सवाई गंधर्व महोत्सवाचा. आम्हांस आनंद झाला. शेतीच्या भावाखेरीज व जागेच्या किमतीखेरीज दुसरे काही आपल्या घरातील तरुण मंडळी बोलतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु तो आनंद फार वेळ टिकला नाही.

डिसेंबरातील कार्यक्रमाची यादी अद्याप प्रसिद्ध व्हावयाची होती, आणि ती प्रसिद्ध न झाल्यामुळेच चर्चेस रंग चढला होता. प्रश्न एकच: अखेरच्या दिवशी अखेरचे गाणे कोणाचे? एकाने मागील कित्येक वर्षांच्या याद्या टिपून ठेवल्या होत्या व त्यांवरून तो पंचांगकर्त्याच्या गांभीर्याने भाकीत वर्तवीत होता. दुसऱ्याने बातमी आणली होती की, अमुक एका तबलजीने नेमकी तीच तारीख राखून ठेवून दुसरी सुपारी नाकारली आहे. सबब त्याचे नेहमीचे गवईच शेवटी असणार! तिसऱ्याने मिसळीची पैज लावली. चार-पाच नावे पुढे आली. ती आम्ही येथे देत नाही. ते सर्व गुणी कलावंत आहेत, आणि ज्या शर्यतीस आमचा विरोध आहे तीत त्यांस आम्हीच नेऊन उभे करावे हे बरे दिसणार नाही. दोन तास ही चर्चा झाली. या दोन तासांत एकाही रागाचे नाव निघाले नाही. गेल्या वर्षी कोणी काय गायिले, त्यातील कोणती जागा अजून कानात आहे, याविषयी चकार शब्द निघाला नाही. नावे, क्रम, आणि कोण कोणाच्या वर!

आम्हांस संगीतशास्त्र अवगत आहे असा आमचा दावा नाही. आम्ही पडलो महाविद्यालयातील इंग्रजीचे मास्तर. रागाची ओळख पटली तर धन्यता मानावी आणि न पटली तर मुकाट्याने ऐकावे, इतकीच आमची मजल. तथापि या प्रश्नास गाणे कळावे लागत नाही. आपल्या घरातील रीत ठाऊक असली तरी पुरे.

हा महोत्सव मुळात काय आहे? सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १९५२ साली पुण्यास त्यांचे निधन झाले आणि १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव होऊ लागला. त्यात भीमसेन जोशी यांनी पुढाकार घेतला व आयुष्यभर त्याचा भार वाहिला. म्हणजे ही गुरूची पुण्यतिथी होय. पुण्यतिथीस जमलेल्या मंडळींत ‘आजचे मुख्य आकर्षण कोण’ असे विचारणे आपल्या घरी शोभेल काय? तेथे मुख्य असतो तो, जो हयात नाही तो.

आता भीमसेन शेवटी गात, हे खरे. आणि आमच्या पुतण्याचा सारा युक्तिवाद यावरच उभा आहे. ‘ते सर्वांत मोठे, म्हणून शेवटी.’ आम्ही म्हणतो, हे गणितच उलटे मांडलेले आहे. आपल्या पंगतीत घरधनी शेवटी बसतो. आलेल्या-गेलेल्यांची पाने वाढून झाली, कोणी उपाशी राहिले नाही याची खात्री झाली, म्हणजे तो आपले पान मांडतो. तो शेवटी बसतो म्हणून त्यास कोणी प्रमुख पाहुणा म्हणत नाही. भीमसेन हे त्या मांडवाचे यजमान होते. त्याच गुरूच्या शिष्या गंगूबाई हनगल. त्यांचा जन्म १९१३ चा, भीमसेनांचा १९२२ चा. वयाने नऊ वर्षांनी वडील असलेल्या गुरुभगिनीने आधी गायिले म्हणून तिचा मान उणा झाला, असे त्या काळी कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले. त्यांच्या गाण्याची उमेद ओसरल्यावर शेवटच्या गाण्याचा हा भार कित्येक वर्षे प्रभा अत्रे यांनी वाहिला. त्यांचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. ही दोघे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुले. म्हणजे प्रभाताईही त्याच घरच्या. सन २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या, आणि तेव्हापासून ‘आता कोण?’ या प्रश्नास जो ऊत आला आहे तो अद्याप शमलेला नाही. रिकामी झाली ती घरच्या माणसाची जागा. तिला आमच्या मंडळींनी सिंहासन ठरविले व वारसाचा शोध चालविला!

दुसरी गोष्ट वेळेची. आणि आमच्या मते या वादात हीच सर्वांत महत्त्वाची. जुन्या काळी हा उत्सव रात्रभर चाले. शेवटी गाणे म्हणजे पहाटे गाणे. श्रोता रात्रभर जागून शिणलेला, अंगावर शाली-कांबळी, हवेत डिसेंबरचा गारठा. आणि अशा घटकेस ललत, भटियार, तोडी यांपैकी काही उभे करावयाचे. हे राग इतर वेळी गाइले जात नाहीत, आणि ती वेळ साधणे नवख्याचे काम नव्हे. रात्रभरात इतके गाणे होऊन गेल्यावर ज्याचा षड्ज त्या सगळ्याच्या वर निर्मळ लागेल असाच गवई तेथे हवा. म्हणून ती जागा कसलेल्या माणसाकडे जाई. ते काम होते, पदवी नव्हे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे सन २००० चे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, आणि रात्री दहानंतर उघड्या मैदानात ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारास आहे, त्यापुढे नाही. त्या निर्णयाविषयी आमची तक्रार नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, मुलांची परीक्षा असते. परंतु त्यामुळे घडले काय, ते पाहा. पहाट गेली, पहाटेचे राग गेले, ज्या कारणाने शेवटची जागा अवघड होती ते कारणच गेले. आणि मान मात्र तेथेच चिकटून राहिला. आज जो शेवटी गातो तो घड्याळाकडे पाहत गातो. मग त्या जागेत असे आहे तरी काय, की तिच्यासाठी आपण महिनाभर आधी पैजा माराव्यात?

उलट, या बदलाने एक गोष्ट लाभली आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. रात्रीच्या बैठकीत मुलतानी कोठून ऐकावयास मिळणार? भीमपलास, पटदीप, मधुवंती ही सारी दिवस कलतानाची संपत्ती. आता उत्सव दुपारी सुरू होतो, तेव्हा हे राग मांडवात येऊ शकतात. ते गातो कोण? तर पहिला किंवा दुसरा कलावंत. बहुधा तरुण, वीस-पंचवीस वर्षे गुरूच्या घरी घासलेला, आणि आयुष्यात प्रथमच इतक्या मोठ्या समुदायापुढे बसलेला. त्याच्या पुढ्यात काय असते? रिकाम्या खुर्च्या. एके वर्षी याच पुतण्याबरोबर आम्ही तेथे गेलो होतो. एक मुलगी पूरिया धनाश्री गात होती. सूर्य मावळण्याच्या बेतात होता व तिचा कोमल ऋषभ असा काही लागला की, आमच्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी न कळत आमचा हात धरला. आमची मंडळी तेव्हा खाद्यपदार्थांच्या गाळ्यापाशी होती. परत येऊन त्यांनी विचारले, “काका, अजून हीच चाललीय का?” ‘हीच’ या शब्दाचा आम्हांस जो राग आला, तो आजच्या या लेखात थोडासा उतरला असेल तर वाचकांनी क्षमा करावी. दोष त्या मुलांचा एकट्याचा नव्हे. ज्याने महिनाभर आधी शेवटचे नाव काय ते ठरविले, त्याच्या लेखी त्याआधीची सारी नावे वाट अडविणारीच ठरावयाची.

आमच्यावर दोन आक्षेप घेण्यात आले, व ते घेणारांचा आदर राखून आम्ही त्यांचा विचार करतो. पहिला असा की, ही हौस आहे. प्रेमावाचून कोणी उत्सुक होत नाही. उत्सुकतेस आमची ना नाही. फिरोज दस्तूर यांच्याकडून एक ठरलेली चीज ऐकल्यावाचून श्रोते त्यांस वर्षानुवर्षे उठू देत नसत. तीही उत्सुकताच. पण ती गाण्याची होती. गवयाचे आसन कितव्या क्रमांकावर मांडले आहे याची नव्हती. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. ‘सवाई’ म्हणजेच सव्वापट. बालगंधर्वांहून सव्वापट असा तो किताब. ज्या उत्सवाचे नावच तुलनेतून जन्मले, तेथे तुलनेचा विटाळ कशाला? ठीक. परंतु तो किताब दिला गेला कसा? अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी रामभाऊंचे गाणे ऐकले व मग ते उद्गार काढले, अशी हकीकत सांगतात. आधी कान, मग निकाल. आमची मंडळी निकाल आधी देतात, आणि कानाचे काम पुढे जमल्यास!

‘हेडलाइनर’ हा शब्द पुतण्याने विलायतेतील उत्सवांवरून उचलला आहे. तिकडील जाहिरातींत एकाचे नाव मोठ्या ठशात व बाकीची उतरत्या आकारात छापतात, हे खरे. पण त्याच विलायतेत ग्लॅस्टनबरीच्या उत्सवाची तिकिटे कलावंतांची नावे जाहीर होण्यापूर्वीच संपतात, हेही त्यास ठाऊक असावे. तेथील वृत्तपत्रे तरीही महिनोन्‌महिने अंदाज बांधीत बसतात. रिकामपण ही काही केवळ आमचीच मिरास नव्हे.

हे पुण्याचे दुखणे आहे, खेड्यात ते नाही, असे लिहून मोकळे होण्याचा मोह आम्हांस झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोह गेला. चहाच्या टपरीवर येत्या अखंड हरिनाम सप्ताहाचे बोलणे चालले होते, आणि तेथेही हाच प्रश्न: “काल्याला कोण महाराज?” हल्ली सप्ताहाचे फलक लागतात, त्यांवर काल्याच्या कीर्तनकाराचा चेहरा सर्वांत मोठा असतो. सात दिवस वीणा खाली टेकू द्यावयाचा नाही, असा नियम. रात्री तीन वाजता तो गळ्यात घेऊन उभा राहणारा म्हातारा दुसऱ्या दिवशी रानात कामाला जातो; त्याचा चेहरा कोणत्याही फलकावर नसतो. आणि काला म्हणजे तरी काय? सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून कोणाची भाकर कोणती हे ओळखू न येणे, हाच ना? त्याच दिवशी कोण मोठा हे ठरवावयाचे! १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपानंतर या बाजूस पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत असत. तेव्हा संध्याकाळी भजन होई. कोणी एक अभंग धरी, त्याचा गळा भरून आला की शेजारचा पुढे नेई. आम्ही तेव्हा तेविशीत होतो व त्या भजनांत बसलो आहोत. शेवटी कोण गायिले हे आज आठवावयाचे म्हटले तरी आम्हांस आठवत नाही.

परत निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही पुतण्यास एक गोष्ट सांगितली. पैज लावणाऱ्यांपैकी कोणीच ती जमेस धरली नव्हती. महोत्सवाची सांगता होते ती शेवटच्या कलावंताच्या गाण्याने नव्हे. ते संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतील जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे; तबकडीची खरखर, आणि त्या खरखरीतून येणारा त्यांचा आवाज. व्यासपीठावर कोणी नसते. तेव्हा शेवटी कोण, याचे उत्तर तुमच्या वहीतील सगळ्या वर्षांपुढे एकच लिहावे लागेल.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ते खरं आहे, काका. पण तोवर आम्ही गाडी काढायला गेलेलो असतो.”