आमच्या पोरांची वाचा कोणी बसवली?

१५ ऑक्टोबर आला की शाळेच्या फाटकावर फलक लागतो : वाचन प्रेरणा दिन. २०१५ पासून सरकारनं हा सण चालू केलाय. अब्दुल कलामांचा फोटो, हार, उदबत्ती. पोरं रांगेत मांडी घालून बसतात, हातात पुस्तक, फोटो निघतो, पुस्तकं परत कपाटात, कपाटाला कुलूप. बैलानं पोळ्याला पुरणपोळी खायची आणि वर्षभर चाबूक, तसलाच हा कारभार. वर्षातनं एक दिवस वाचायचं. उरलेल्या दिवसांचं काय, साहेब?

मी डॉकात कंत्राटी मजूर. कंटेनर न्हावाशेव्याला गेले, तरी इथं सुटा माल अजून उतरतो, आणि गोणी मोजायला अजून रेघाच लागतात. चार उभ्या, पाचवी आडवी, झाली एक जुडी. गोण कमी भरली तर हजेरी कापतात, म्हणून मोजणं आम्हाला कळतं. तेव्हा म्हटलं, शाळेचाही माल एकदा मोजून बघू.

माझी ताई घाटकोपरला रमाबाई नगरात राहते. तिचं पोर वस्तीजवळच्या महापालिकेच्या शाळेत दुसरीत. जूनमध्ये त्याच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, ज्या दिवशी बाई तुला एकट्याला मोठ्यानं वाचायला लावतील, चुकलास तर सांगतील, त्या दिवशी घरातल्या भिंतीवर एक रेघ मार. एकट्याला. सगळ्यांबरोबर ओरडलास ते धरायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रेघा सात. एक जुडी आणि वर दोन.

पोरगं खोटं बोलत असेल म्हणून शेजारच्या दोघा पोरांना विचारलं. एक म्हणाला, माझा नंबर दोनदा आला. दुसरा मागच्या बाकावरचा, तो नुसताच हसला.

मग वर्गात दिवसभर चालतं काय? चालतो तो कोरस. बाई म्हणतात, पोरं म्हणतात. बाई पुढची ओळ म्हणतात, पोरं पुढची ओळ म्हणतात. बाहेरून जाणाऱ्या साहेबाला वाटतं, वा, काय वाचन चाललंय! सगळी तोंडं एकदम हलतात आणि त्या गलक्यात ज्याला येत नाही तो बेमालूम लपतो. माझा भाचा अख्खा धडा धाडधाड म्हणतो. पुस्तक उलटं धरलं तरी म्हणतो. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय रे? तर गडी पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत यायला निघाला, आणि वाटेतच चुकला. ह्याला वाचन म्हणायचं? हे तर पाठांतर. ह्या देशात पाठांतरावर कोणी हजारो वर्षं पोट जाळलं ते वेगळं सांगायला नको.

आता हिशोब करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत तीस पोरांमागं एक शिक्षक सांगितलाय. धरा, खरोखर तीसच आहेत. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, गप्प बसा, फळ्यावरचं उतरून घ्या, ह्यात पंधरा गेली. उरली वीस. एका पोराच्या वाट्याला चाळीस सेकंद. रोज चाळीस सेकंद! तेवढी जरी मिळाली असती तरी मी हा लेख लिहिला नसता. निपुण भारत नावाची योजना केंद्रानं २०२१ साली काढली. तिच्यात लिहिलंय, दुसरी संपताना पोरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत. वाचावेत ना! पण कोणापुढं? चार-पाच महिन्यांत सात वेळा तोंड उघडायला मिळालेल्या पोरानं मिनिटाला साठ शब्द आणायचे कुठून, नानीच्या बटव्यातून?

इथं कोणी तरी पांढरपेशा बोलणारच : अहो, पण वाचन ही घरी लागणारी सवय आहे. बरोबर. तुमच्या घरी. तुमच्या घरी आजी आहे, तिचा चष्मा आहे, दुपार रिकामी आहे. तुमचा नातू शाळेत चाळीस सेकंद वाचो नाही तर चार, रात्री मांडीवर बसून तो अर्धा तास वाचतोच. शाळा त्याच्या घरच्या वाचनावर फक्त शिक्का मारते. ताई पहाटे पाणी भरून चार घरची धुणीभांडी करायला जाते. भावजी रात्रपाळीला. आमच्या पोराला घरात अर्धा तास नाही, त्याला मिळाली तर शाळेतलीच मिनिटं. तीच तुम्ही खाल्लीत. आणि वर म्हणता, ह्यांच्यात वाचनसंस्कृती नाही!

आमच्यात नाही? 'मूकनायक' निघाला १९२० साली, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. चाळीच्या जिन्यात एकाला अक्षरं यायची, तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे बिडी विझवून ऐकायचे. आमच्या बापजाद्यांनी चळवळ कानानं वाचलीय. मुक्ता साळवे ही मांगाची पोर जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'त छापून आला. कोणी तरी तिला वाचायला लावलं होतं, कोणी तरी समोर बसून ऐकलं होतं, म्हणून.

आणि दुसरी बाजूही ऐका. गौतम धर्मसूत्रानं सांगितलं, शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं ओता, उच्चारला तर जीभ कापा. बाबासाहेबांच्या शाळेत जीभ कापत नव्हते. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदलंय की काही मास्तर विटाळाच्या भीतीनं ह्या पोराला कविता म्हणायला लावत नसत, प्रश्न विचारत नसत. बस्स. मारायचं नाही, हाकलायचं नाही, फक्त त्याची पाळी येऊ द्यायची नाही. आज विटाळ कोणी बोलून दाखवत नाही. पाळी मात्र अजून येत नाही.

आणि आली, तर काय होतं? सातातल्या तीन रेघांची कथा भाच्यानं सांगितली. उभा राहिला, वाचायला लागला, धड्यात शब्द आला 'पाणी'. हा म्हणाला 'पानी'. बाई म्हणाल्या, पाणी म्हण. हा पुन्हा पानी. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, बस खाली, पुढचा. तिन्ही वेळा असंच, दर वेळी शब्द निराळा, पण अडलं 'ण'वरच. अरे, पोरगं अक्षर ओळखतंय, अर्थ ओळखतंय, त्याच्या घरी त्या वस्तूला पानीच म्हणतात! १९२७ च्या २० मार्चला महाडच्या तळ्यावर गेलेली माणसं काय शुद्धलेखनाची परीक्षा देऊन गेली होती? त्यांना पानीच पाहिजे होतं, आणि त्यांनी ते प्यालं. तुमच्या नाकातला 'ण' तुम्हाला लखलाभ. पोराला ओळ तर पुरी करू द्या. 'ण' येईल मागाहून, रोज वाचलं की येतो. मलाही मॅट्रिकला असताना आला, आणि डॉकात पुन्हा गेला.

बाईंवर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण त्यांच्याही डोक्यावर कोण बसलंय ते दिसतं. त्याच कायद्याचं २७ वं कलम बघा : जनगणना, आपत्ती, निवडणूक, ह्या कामांना शिक्षक जुंपायची मुभा. मतदारयादी घेऊन बाई आमच्याच गल्लीत दारोदार फिरताना मी पाहिल्यात. घरात माणसं किती, हे त्यांना पाठ. वर्गातल्या पोराला कुठला शब्द अडतो, हे ठाऊक नाही. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका ही! २०१५ साली तिनं आठवीच्या पोरांच्या हातात टॅब दिले. दुसरीत ज्याला कोणी वाचायला लावलं नाही, त्याला आठवीत टॅब. त्यापेक्षा दुसरीच्या वर्गात आणखी एक माणूस द्या, पोरापाशी बसून ऐकणारा. यंत्र काही ऐकत नाही, निदान आमचं तरी.

वाचता न येण्याची किंमत काय, ते वस्तीत विचारा. झोपु योजनेचं संमतीपत्र दारात येतं. बारीक अक्षर, जड मराठी. बिल्डरचा माणूस म्हणतो, इथं सही करा काका, बाकी आम्ही बघतो. काका सही करतात. काकाही शाळेत गेले होते. कोरसमध्ये होते.

म्हणून दोस्तांनो, भाषणं थोडी बाजूला ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. त्या सभेला आया जातात, सही करतात, चहा पिऊन परत येतात. ह्या वेळी जाताना रेघा मोजून न्या. प्रत्येक घराच्या भिंतीवर खडू चालू द्या. पहिली-दुसरीच्या प्रत्येक पोराचं रोजचं वाचन, बाईंच्या शेजारी, एकट्याचं, हे मागा आणि वहीत नोंद मागा. नाही म्हणाले तर एन वॉर्डाच्या ऑफिसात पोरांना घेऊन जाऊ आणि साहेबाच्या टेबलापुढं एकेकाला वाचायला लावू. साहेबाला ऐकत बसावं लागेल. कितीही वेळ लागो.

परवा रात्री पाळीवरून आलो तर भाचा जागाच होता. विहाराच्या दिव्याखाली बसून त्यानं मला अर्धं पान वाचून दाखवलं. अडखळला, 'पानी' म्हणाला, पुढं गेला. मी मध्ये बोललो नाही. घरी आल्यावर खडू घेऊन भिंतीपाशी उभा राहिला.

"मामा, मारू का रेघ?"

म्हटलं, नाही. माझ्यापुढं वाचलंस ती नाही धरायची. ही भिंत शाळेची आहे.