पिकअपलाही 'सिक लाइन' हवी!



डब्याच्या अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावून तो तापला आहे का हे पाहणारा कॅरेज-वॅगनचा कर्मचारी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डब्यात दोष निघाला तर तो 'सिक' ठरवून गाडीतून काढला जातो. त्याच्या पी.ओ.एच.ची तारीख अंगावर रंगवलेली असते. पण त्याच मार्गावर गँगमनना आणि हत्यारांना घेऊन गिट्टीच्या वाटेने धावणाऱ्या पिकअपला हात कोण लावतो? आडवळणाच्या उपडाकघरापर्यंत थैल्या पोहोचवणाऱ्या गाडीची तपासणीची तारीख कुठे लिहिलेली असते? बहुधा कुठेच नाही. गाडी मोडली की मात्र कागद तत्काळ तयार होतो आणि त्यावर नाव चालकाचे असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे हेच घडले. घाटाखालच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचा मागचा मेन पाटा तुटला. आत नऊ माणसे होती. थोडक्यात निभावले. चालकाला खुलासा मागितला गेला : "बेफिकीरपणे वाहन का चालवले?" पाट्याचे यू-बोल्ट ढिले झाल्याचे त्याने तीन आठवडे आधी सांगितले होते, पण तोंडी. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला दप्तरात किंमत नसते.

गाड्या वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. दणकट चासी आणि पाट्यांवरची ही गाडी खराब रस्त्यासाठीच बनलेली आहे. पण ती मोडते ती ठरावीक ठिकाणीच, आणि मोडण्याआधी इशारा देते.

यू-बोल्ट ढिला पडला की सेंटर बोल्टवर ताण येतो. तो तुटला की अ‍ॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला की गिअर टाकताना 'टक्' असा आवाज येतो. बॉल जॉइंटचे रबर फाटले की चिखल आत शिरतो आणि ग्रीसची जागा वाळू घेते. एअर क्लीनरचे झाकण नीट बसले नाही तर बारीक धूळ थेट इंजिनात जाते आणि लायनर-पिस्टन अकाली झिजतात. कागदी फिल्टर टायरवर आपटून साफ करण्याची आपल्याकडची सवय तर त्याहून घातक. तो फाटतो, आणि फाटलेला दिसतही नाही.

फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी पलीकडे नेली, की दुसऱ्या दिवशी मागच्या हाउसिंगचे ऑइल पाहिलेच पाहिजे. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले की समजावे, बेअरिंगचे दिवस भरले. ब्रेक ड्रममधला चिखल, रेडिएटरच्या जाळीतला गवताचा भुसा, डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी हे सारे दहा मिनिटांत पाहता येते. फेरीनंतर चारही चाकांच्या हबजवळ हात नेला तरी कोणते चाक जास्त तापते ते कळते. हा आपलाच 'हॉट अ‍ॅक्सल'चा धडा आहे.

मग हे होत का नाही? कारण देखभाल किलोमीटरवर मोजली जाते. पिकअप दिवसाला चाळीस किलोमीटर चालते, पण आठ तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किंवा उभी राहून इंजिन सुरू ठेवून. मीटर कमी दाखवतो, इंजिन मात्र झिजलेले असते. धूळ, चिखल, ओझे अशा खडतर वापरात ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, हे कंपनीच्या पुस्तिकेतच छापलेले असते. कंत्राट सर्वांत कमी दराला देणारा अधिकारी ते पान उघडत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बी.एस.-6 लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी सलग, वेगातली धाव मागतो. रुळाकडेच्या रांगत्या कामात ती मिळत नाही, फिल्टर तुंबतो, इंजिनाची ताकद जाते, आणि दोष पुन्हा चालकाचा!

ओझ्याचा हिशेब सोपा आहे. दहा माणसांचे साडेसहाशे किलो, 60 किलोच्या रुळाचे मीटरभराचे तीन तुकडे म्हणजे 180 किलो. त्यावर जॅक, पहारी, जनरेटर. डबल केबिनच्या गाडीची टनाच्या आसपासची क्षमता इथेच संपते. शिवाय केबिनमध्ये पाचच माणसे बसतात. उरलेली पाच हौद्यात, हत्यारांबरोबर. पाटा तुटला तर चूक पाट्याची की ओझे लादणाऱ्याची?

कायदा काय म्हणतो तेही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 नुसार धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी. म्हणून दोष लेखी कळवा. कागद साहेबांच्या टेबलावर गेला की "मला माहीत नव्हते" ही पळवाट बंद होते. पण लेखी कळवूनही तीच गाडी तुम्ही बाहेर काढलीत, तर तुम्हीही सुटत नाही, हेही विसरू नका.

आपल्या मागण्या साध्या आहेत. देखभाल इंजिनाच्या तासांवर मोजा. रोज सकाळची पंधरा मिनिटांची तपासणी ड्युटीत धरा. लॉगबुकात दोषांचा रकाना ठेवा आणि त्यावर अधिकाऱ्याची सही घ्या. 'सिक' ठरलेली गाडी दुरुस्तीशिवाय बाहेर काढू नका. आणि कंत्राटाच्या गाडीला व तिच्या चालकालाही हेच नियम लावा. तो आपल्या संघटनेचा सभासद नसेल, पण त्याच्या मागे बसलेले आपलेच आहेत.

भुसावळ असो, इटारसी असो की हुबळी, येत्या शाखा बैठकीत हा विषय घ्या. डब्याला जेवढी काळजी मिळते तेवढी गँगच्या गाडीला मिळालीच पाहिजे. डब्यात प्रवासी असतात, आणि या गाडीत प्रवाशांसाठी रूळ सुरक्षित ठेवणारी माणसे असतात.